जागचा न हलणारा गर्भ

शबाना टेबलावर झोपली होती आणि तिची सासू दाराच्या फटीतून विचारत होती, "डॉक्टरीणबाई, एकची बोट मिळेल ना?" दोघी दिघीहून फेरीबोटीनं खाडी ओलांडून आमच्या हॉस्पिटलला आल्या होत्या. शबानाला दिवस गेले होते आणि कालपासून थोडं रक्त जात होतं.

मी तिथली सोनोग्राफीची डॉक्टर. माझ्या हातात हॉस्पिटलच्या मोठ्या सरांची चिठ्ठी. 'गर्भपात होत आहे. कन्फर्म करा. क्युरेटिंग बारा वाजता.' आमच्याकडे निदान आधी येतं, तपासणी मागून. क्युरेटिंग म्हणजे गर्भाशय आतून खरवडून साफ करणं. दहा मिनिटांचं काम.

आतून सोनोग्राफी सुरू केली. गर्भाशयाची पोकळी रिकामी. गर्भाची पिशवी बरीच खाली, मूत्राशयाला खेटून. पडणारा गर्भही खाली येतो, त्यामुळे सरांना एकदम चूक म्हणता येईना. पण याचे ठोके चालू होते.

"आधीचं बाळंतपण?"

"सिझर. तीन वर्षांची मुलगी हाय. रोज भाऊ मागते."

प्रोबनं, म्हणजे सोनोग्राफीच्या दांडीनं, हलकेच दाबलं. सुटलेला गर्भ दाबल्यावर सरकतो. हा जागचा हलला नाही. डॉपलर लावला, त्यात रक्तप्रवाह रंगीत दिसतो. पिशवीभोवती लाल-निळी आतषबाजी. गर्भ सिझरच्या जुन्या व्रणातच रुजला होता. तिथली भिंत कागदासारखी पातळ. ती खरवडली असती तर रक्त थांबलं नसतं. गर्भाशय तर गेलंच असतं, कदाचित शबानाही.

सरांना फोन लावला. "सर, क्युरेटिंग थांबवा. स्कार एक्टॉपिक आहे."

"मॅडम, तीस वर्षांत मी एकही पाहिली नाही."

"मग खाली या सर, आज बघा."

ते ऑपरेशनची टोपी घालूनच आले. प्रोब हातात घेतला, दाबला. पुन्हा दाबला. मग म्हणाले, "हं." त्यांच्या या 'हं'चा अर्थ मला ठाऊक आहे. चूक कबूल, पण साक्षीदार नकोत.

बाहेर येऊन सासूला सांगितलं, "खाला, गर्भ जुन्या टाक्यांच्या जागी बसलाय. इथं हात लावला तर जिवावर बेतेल. मुंबईला न्यायला हवं."

"म्हणजे बोट न्हाय?"

"अँब्युलन्स."

"या अल्ला! मग बोलवा की, उभ्या काय राहिलात?"

मुंबईत रक्ताच्या बाटल्या हाताशी ठेवून दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. गर्भ काढला, भिंत शिवली. गर्भाशय वाचलं. आठवड्यानं शबाना मुलीजवळ परतली.

पुढच्या महिन्यात तालुक्यातल्या डॉक्टरांच्या सभेत सरांचं भाषण झालं. 'एक दुर्मिळ निदान : माझा अनुभव.' पडद्यावर मी काढलेली सोनोग्राफीची चित्रं, त्यांवर माझेच बाण. शेवटी शाल, श्रीफळ. मी मनापासून टाळ्या वाजवल्या. कारण सिझर झालेल्या बाईला खरवडण्याआधी सोनोग्राफी करा, हे मी कितीतरी वर्षं सांगत होते. त्या सभेनंतर आसपासच्या दवाखान्यांतून अशा पेशंट खरंच येऊ लागल्या. आपलं म्हणणं लोकांनी ऐकावं असं वाटत असेल, तर ते आधी साहेबांना सुचू द्यावं.