जोनबाईंच्या अंगणातला पाऊस

आई गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑकलंडला, पेनरोजच्या ऑफिसात एका नकाशावर वाकलो होतो. मेधाचा फोन आला. "अरे, आई..." एवढंच म्हणाली. आई म्हणजे माझ्या सासूबाई, सुमनताई. कराडला, मुलाच्या घरी, सकाळच्या चहाआधीच गेल्या. मेधा दुसऱ्याच दिवशी विमानात बसली आणि मी न्यू लिनच्या घरात एकटा राहिलो. आता दीड महिना होऊन गेला. भेटायला येणारे 'वय झालं होतं' म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण मला आठवतात त्या आई कराडच्या नव्हेत, ऑकलंडच्याही नव्हेत. मला त्या दिसतात इथल्या दक्षिण बेटावर, आल्प्स म्हणतात त्या इथल्याच डोंगररांगेच्या कुशीतल्या एका एवढ्याशा गावात. साडीवर माझं जुनं जाकीट, अंगठ्याचे लोकरी मोजे, त्यावर मेधाच्या जँडल्स, म्हणजे अंगठ्याच्या रबरी चपला, आणि एक डोळा मिटून काचेचं माप निरखणाऱ्या.

घाटरस्त्याच्या देखभालीच्या कामावर मी मेधासह त्या गावात तीन वर्षं होतो. गावाचं नाव लिहीत नाही. तीसेक माणसांच्या गावाचं नाव लिहिणं म्हणजे त्या सगळ्यांची नावं लिहिण्यासारखंच आहे. डोंगराखालून रेल्वेचा बोगदा खणायला माणसं आली, त्यांची ही वस्ती. बोगदा झाला, माणसं पांगली, पत्र्याच्या खोल्या तेवढ्या मागे राहिल्या, आणि त्यातल्याच काहींना पुढे पडव्या, खिडक्या, फुलझाडं फुटत घरं झाली. एक दगडी चर्च, एक चहाचं दुकान, एक बंद पडलेली शाळा. केआ नावाचे हिरवे पोपट गाड्यांच्या वायपरचं रबर सोलत बसायचे. कोळशाची मालगाडी गेली की सगळ्या गावाच्या कपबशा किणकिणायच्या आणि मग अशी शांतता पसरायची की ढग अंगणात उतरल्याचाही आवाज येईल असं वाटावं. आई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मला वाटलं होतं, आठवड्यात कंटाळतील. पहिल्या दिवशी खिडकीशी बसून म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या या गावात जागेपणीच झोप लागल्यासारखं वाटतं हो." ती तक्रार नव्हती हे मला फार उशिरा समजलं.

शेजारी जोन राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या, बोगद्यावरच्या एका कामगाराची मुलगी, जन्म तिथलाच. त्यांच्या अंगणात पर्जन्यमापक होता. तांब्याचं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी नऊला आदल्या दिवसाचा पाऊस मोजून वहीत लिहायचा. हे काम त्यांच्या वडिलांनी सुरू केलं, पुढे जोननी चालवलं, आणि आजवर एकही सकाळ चुकली नव्हती. तो त्या घराचा देव्हाराच होता म्हणा ना. आईंना इंग्रजी बेताचंच यायचं आणि जोनना मराठी कुठून येणार... पण दोघी कुंपणापाशी तासन् तास बोलायच्या. काय, ते विचारायची सोय नव्हती.

वहीत आकड्यांशेजारी शेऱ्याचा रकाना होता. त्यात गावाचा सगळा इतिहास ओळीओळीने उतरलेला. आईंनी जोनकडून जुन्या वह्या मागून आणल्या आणि रोज संध्याकाळी मला वाचायला बसवायच्या. मी एकेक शेरा मराठीत सांगायचो. बोगदा आरपार झाला, सर्वांना सुट्टी. बर्फ खिडकीपर्यंत. नवी शिक्षिका आली, रडते आहे. शाळेत तीन मुलं. शाळा बंद. जोनची आई गेली त्या दिवशीसुद्धा वडिलांनी सकाळी नऊला पाऊस लिहिला होता आणि शेऱ्यात फक्त 'मेरी' असं नाव. तिथे आईंनी मला थांबवलं. बाहेर धुकं होतं, शेगडीत लाकूड तडतडत होतं, आणि आम्ही कुठल्या वर्षात बसलो आहोत हे मला क्षणभर सांगता आलं नसतं.

आणि मग जोनना खुब्याच्या ऑपरेशनसाठी शहरातल्या हॉस्पिटलात जावं लागलं. महिनाभर. गावातले बाकी सगळे सकाळीच कामावर जाणारे. जोननी वही आणि काचेचं माप आईंच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "सूमन, नाइन ओ'क्लॉक." आई अक्षरशः फुलल्या. आंघोळ झाल्याशिवाय मापाला हात लावायच्या नाहीत. पाणी डोळ्याच्या रेषेत धरून वाचायचं, मग आकडा लिहायचा, मगच चहा. जवळजवळ तीन आठवडे त्यांनी हे व्रतासारखं केलं.

तिसऱ्या आठवड्यात चंद्रग्रहण होतं. आदल्या दिवशी दुपारभर धो धो कोसळून संध्याकाळी आभाळ लख्ख झालं. ग्रहण सुटलं तेव्हा आम्ही झोपलेलो होतो. आई पहाटे उठल्या, डोक्यावरून आंघोळ केली आणि घरातलं साठवलेलं पाणी ओतून द्यायला लागल्या. एरवी पाण्यात तुळशीचं पान टाकलं की भागतं. पण त्यांनी आणलेलं तुळशीचं बी ऑकलंडच्या विमानतळावरच काढून घेतलं होतं. कळशी ओतली, पिंप ओतलं, देवाजवळचा तांब्या ओतला, आणि त्याच ओघात कुंपणापलीकडे जाऊन तांब्याच्या त्या नळकांड्यातली बाटलीही फरशीवर रिकामी केली. मी चहा घेऊन बाहेर आलो तर त्या बाटली हातात घेऊन उभ्या.

"अहो, मी काय करून बसले..."

मी इंजिनिअर. माझ्याकडे उत्तर तयार होतं. खाली आमच्या साइटवर असाच मापक आहे, त्याचा आकडा घेऊ, इथे वर पाऊस जास्त म्हणून थोडा वाढवू, लिहून टाकू. झालं काम; इथल्या बोलीत, स्वीट अ‍ॅज. कुणाला पत्ता लागणार नाही. आईंनी माझ्याकडे असं पाहिलं की चहा तिथेच ठेवावासा वाटला. "तुमच्या रस्त्यावरचा पाऊस जोनबाईंच्या अंगणात कसा पडेल?" त्यांनी तारीख लिहिली, ओळ कोरी ठेवली, आणि म्हणाल्या, "मला हॉस्पिटलात न्या. हे फोनवर सांगायचं नाही."

घाट उतरून दोन तास. हॉस्पिटलात जोन उशांना टेकून बसल्या होत्या, आम्हाला पाहून हसल्या. आई मराठीत बोलायला लागल्या आणि मी भाषांतर करायला. इथे मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. म्हातारीला कशाला दुखवा, म्हणून मी म्हणालो, चुकून धक्का लागला आणि बाटली सांडली. आईंनी माझा हात धरून मला थांबवलं. मग स्वतः जोनकडे वळून, एकेक शब्द शोधत म्हणाल्या, "नॉट स्पिल. आय थ्रो."

मग मला ग्रहण, तुळस, सगळं समजावून सांगावं लागलं. जोन ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्या खिडकीकडे वळल्या. "माझी आई गेली त्या सकाळीही डॅड नऊला बाहेर गेले होते," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस, सूमन. आता मला जरा पडू दे." परतीच्या वाटेवर आई रडल्या. मी गाडी कडेला घेतली आणि समोरच्या डोंगरावरचं धुकं वर जाईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी नऊला आई पुन्हा मापकापाशी होत्या. जोन परत आल्यावर आईंनी वही दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. जोननी पान उलटलं, कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मग पेन मागितलं. आकड्याची जागा त्यांनीही कोरीच ठेवली. शेऱ्यात लिहिलं ते मी आईंना वाचून दाखवलं: 'चंद्रग्रहण. सुमनने पाऊस टाकून दिला. येऊन सांगितलं.' आईंनी ते मला दोनदा वाचायला लावलं. "म्हणजे मी पण गावात जमा झाले की," असं काहीसं पुटपुटल्या आणि आत चहा टाकायला गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढे मी बदली घेऊन ऑकलंडला परतलो. आई कराडला गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. जोनही वारल्या. गावाची आठवण फोनवर अधूनमधून निघायची, पण त्या सकाळबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

गेल्या आठवड्यात मेधा परत आली. सामानातून तिने एक दोनशे पानी वही काढली. आई रोज सकाळी गच्चीवर जातात, तिथे नरसाळं लावलेली एक बाटली ठेवतात, हे तिच्या भावाला माहीत होतं. त्याला ते कसलंसं औषध वाटायचं. वहीत तारखा होत्या. खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजलेला पाऊस होता, 'साडेतीन मापं', 'अर्धं माप'. शेऱ्याच्या रकान्यात सगळी गल्ली होती. कुलकर्ण्यांकडे बारसं. कोपऱ्यावरचं पिंपळाचं झाड पाडलं. मेधाचा फोन, आवाज बसलाय.

शेवटचे अकरा दिवस त्यांना जिना चढवत नव्हता. पलंग खिडकीशी होता, पाऊस समोर दिसत होता. त्या प्रत्येक दिवसाची तारीख आहे, आकडा नाही, आणि शेऱ्यात रोज तेच, थरथरत्या अक्षरात: 'पडतो आहे. मोजला नाही.' बाराव्या ओळीत फक्त तारीख, त्या गेल्या त्या दिवसाची. आदल्या संध्याकाळीच घालून ठेवलेली.

त्या सकाळी कराडला पाऊस होता की नव्हता, हे मेहुण्याला विचारलं तर लगेच कळेल. मी विचारलेलं नाही.