दुसऱ्या प्रकारचं विद्यापीठ

नेदरलँड्समध्ये विद्यापीठं दोन प्रकारची असतात हे मला बावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. मला ते माझ्या मुलीनं सांगितलं, नल्लकुंट्याच्या आमच्या घरात, पोहे खाताखाता. ती तेव्हा इंटरच्या दुसऱ्या वर्षाला होती. इंटर म्हणजे इथली, तेलुगू मुलखातली, अकरावी-बारावी.

"एक रिसर्च युनिव्हर्सिटी असते, पप्पा. तीन वर्षं, थिअरी जास्त. दुसरी अप्लाइड सायन्सेसची. चार वर्षं, आणि त्यात सहा महिने कंपनीत जाऊन खरंखुरं काम करायचं. मेरेको दुसरी पाहिजे."

तिला अन्नप्रक्रिया शिकायची होती. बेगम बाजारातून आणलेलं तिखट पाण्याच्या ग्लासात टाकून रंग कसा उतरतो ते बघत बसणारी मुलगी ही. लोणच्याच्या एका बरणीला बुरशी आली आणि शेजारच्या बरणीला का नाही, या प्रश्नानं तिनं आईचं डोकं आठवडाभर खाल्लं होतं. तिला काय हवंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मला दिसलं नाही, कारण मी पहिल्या वाक्यावरच अडकलो होतो. दोन प्रकार आहेत म्हटल्यावर एक वरचा आणि एक खालचा असणार, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं.

याचं कारण सांगायला हवं. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला आहे. तीन वर्षं लोखंड घासलं, लेव्हल लावायला शिकलो आणि पाणीपुरवठ्याच्या नोकरीला लागलो. शहराच्या जुन्या भागातली कुठली लाइन कुठून वळते हे मला तोंडपाठ आहे. पण बढतीची यादी निघाली की डिग्रीवाले आधी. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान साहेब आला, आणि पहिल्याच मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "क्या बोलते, डिप्लोमा साब?" सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून ऑफिसात माझं नाव तेच पडलं.

तेव्हा 'कंपनीत जाऊन काम' हे शब्द ऐकताच माझ्या कानात लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला. मी जगातल्या विद्यापीठांची रँकची यादी काढून बसलो. या शहरात माणूस रँक बघूनच श्वास घेतो. तिला हवं असलेलं विद्यापीठ यादीत कुठेच नव्हतं. त्या याद्यांमध्ये मुख्यतः संशोधन मोजतात आणि अप्लाइडवाले त्या शर्यतीत उतरतच नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. मी म्हटलं, दोन्हीकडे अर्ज कर. मोठ्या ठिकाणी झालं तर तिकडेच जायचं. ती "ओके" म्हणाली. लहानपणापासून ती मला ओकेच म्हणत आली होती.

अर्जात ई-मेल माझा दिला. परीक्षेपर्यंत तिचा फोन आम्ही काढून घेतला होता, इथे सगळेच घेतात. अप्लाइडवाल्यांचं उत्तर मार्चमध्येच आलं. प्रवेश मिळाला होता. फक्त एक कागद परत पाठवायचा होता. मुलगी अठराच्या आतली, म्हणून एका पालकाची सही लागणार होती. आनंदानं ती आईच्या गळ्यातच पडली.

"फोटो काढून पाठवला तरी चालतं, पप्पा."

"असे कागद असे पाठवतात का? ऑफिसात नीट स्कॅन करतो," मी म्हणालो.

तो कागद मी लोखंडी कपाटात विम्याच्या फायलीखाली ठेवला. सही केली नाही. मोठ्या विद्यापीठाचं उत्तर येऊ दे, मग बघू, असं ठरवलं. दोनदा आठवण करून देणारे मेल आले. शेवटची तारीख मी वाचली होती, पण तिची मला भीती वाटली नाही. आमच्याकडे शेवटची तारीख ही पहिली सूचना असते. मग विलंब शुल्कासह एक तारीख येते, मग जास्त विलंब शुल्कासह आणखी एक, आणि तरीही कुणी राहिलंच तर कुणीतरी साहेबाला भेटून येतं. माझं सगळं आयुष्य वाढवलेल्या तारखांवर चाललंय.

परीक्षा संपली त्या दिवशी तिनं विचारलं, "तो पेपर पाठवलात ना?"

मी "हो" म्हणालो. ते खोटं होतं. सरळसरळ, माझ्या पोरीच्या डोळ्यांत बघून सांगितलेलं खोटं.

तारीख गेली आणि चार दिवसांनी मोठ्या विद्यापीठाचं उत्तर आलं. तेव्हा मी काचीगुड्याला, स्टेशनसमोरच्या आमच्या सब-ऑफिसात होतो. मेल उघडला. पहिल्या परिच्छेदात नकार होता: राज्याच्या बोर्डाची बारावी त्यांच्या प्रवेशाला पुरेशी धरली जात नव्हती. दुसऱ्या परिच्छेदात, फार सभ्य भाषेत, एक सल्ला होता. अर्जदारानं अप्लाइड सायन्सेसच्या विद्यापीठात पहिलं वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलं, तर आमच्याकडे पुन्हा अर्ज करता येईल.

मी ते चार वेळा वाचलं. म्हणजे मी ज्याला खालचा जिना समजून बंद केला, मला हव्या असलेल्या माडीवर जायला तोच एक जिना होता. मी तडक घरी जाऊन कपाटातला तो कागद आणला, ऑफिसच्या कागदांवर ठेवून त्यावर सही केली आणि स्कॅन करून पाठवला. सोबत माफी मागितली. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. जागा प्रतीक्षा यादीतल्या विद्यार्थ्याला दिली गेली होती, आपली कन्या पुढच्या वर्षी जरूर अर्ज करू शकते. मी पुन्हा लिहिलं. विलंब शुल्क किती ते विचारलं. आजाराचं कारण सांगितलं. मग फोन केला. तिकडची बाई शांतपणे म्हणाली, असं शुल्क आमच्याकडे नसतं, तारीख सर्वांना सारखीच असते. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत अक्षरशः गयावया केली. बाजूच्या टेबलावरचे दोघे कारकून मान खाली घालून बसले होते. त्या दिवशी कुणी मला डिप्लोमा साब म्हटलं नाही.

घरी जाऊन सगळं सांगितलं. सांगावंच लागलं.

बायको म्हणाली, "अहो, हौले झालात काय तुम्ही, वेडबीड लागलं का? पोरीच्या जिंदगीचा कागद कपाटात ठेवतं का कुणी?" आणि ती रडायला लागली.

मुलगी रडली नाही. तिनं ते मेल वाचले, कपाट उघडून विम्याच्या फायलीखालची रिकामी जागा बघितली. मग म्हणाली, "तुम्हाला ऑफिसात काय म्हणतात ते माहितीये मला, पप्पा. पण ते तुम्हाला म्हणतात. मला कुणी म्हटलं नव्हतं."



त्या वर्षी तिनं बरकतपुऱ्याच्या एका कॉलेजात, जिथे जागा उरली होती तिथे, बी.एस्सी.ला नाव घातलं. सकाळी डबा घेऊन जाते, दुपारी परत येते. माझ्याशी भांडत नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. "दार लावून घ्या", "आई बाहेर गेलीये", एवढंच बोलते. पप्पा हा शब्द गेला. तिखटाचे ग्लासही बंद झाले. एकदा मीच मुद्दाम बेगम बाजारातून तीन दुकानांचं तिखट आणून ओट्यावर ठेवलं. बायकोनं ते बरण्यांत भरून टाकलं.

जानेवारीत ती अठरा वर्षांची झाली. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मायलेकी भाजीला गेल्या होत्या आणि जेवणाच्या टेबलावर छापलेला अर्ज पडला होता. तेच विद्यापीठ, दुसऱ्या प्रकारचं. ई-मेल तिचा स्वतःचा. मला इतका आनंद झाला की मी खिशातलं पेन काढून पानं उलटायला लागलो. या वेळी सही आधी, मग चहा, असं मी स्वतःशी मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

शेवटच्या पानावर रकाना होता: पालकाची सही, अर्जदार अठरा वर्षांखालील असल्यास. त्यात तिनं पट्टी लावून एक सरळ आडवी रेघ मारली होती.