न विचारता केलेली खूण

"अंगठा घ्या हिचा," साहेब म्हणाला आणि स्वतःच घेतला.

दिवाळीच्या तोंडावर शाळेच्या व्हरांड्यात सर्व्हेचं टेबल मांडलं होतं. टेबलावर पेन होतं, माझ्यापासून वीतभर लांब. मी हात पुढे केला तो पेनासाठी. त्यानं मनगट धरलं, अंगठा शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागच्या माणसाशी त्याचं बोलणं चालू होतं, दुपारी जेवायला नांदुऱ्याला जायचं की इथंच, याचं.

"सही येते मले," मी म्हणाले. पण ते माझं मलाच ऐकू आलं.

"चल, हो पुढं. टेबलाला हात पुसू नको. ह्या लोकांना एकदा सांगून कळत नाही."

बाकावर बसलेले चारपाच जण हसले. गावातलेच. रोज तोंड दिसणारे.

मी चौथी शिकलेली आहे. वाचायला वेळ लागतो, पण वाचते. तो अंगठा टेकवत होता तेवढ्यात मी वरची ओळ वाचली होती. 'मला सर्व माहिती माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आली आहे.' कोणी काही सांगितलं नव्हतं. आशाताई आदल्या दिवशी वस्तीत ओरडून गेली होती, किडनीचा सर्व्हे आहे, उपाशीपोटी या. एवढंच. आणि आता त्या ओळीखाली माझा अंगठा होता, म्हणजे मला सगळं सांगितलेलं होतं.

मग दुसरा कागद. त्यावर प्रश्न आणि पुढे रकाने. साहेब प्रश्न विचारत नव्हता, नुसत्या खुणा करत होता. 'दुखण्याच्या गोळ्या नेहमी घेता का?' या ओळीपुढे त्यानं 'नाही' वर खूण केली. मी पाहिली. बसल्या बसल्या वस्ती तेवढी विचारली होती; पत्ता आणि फोन यांच्या जागी त्यानं तो एकच शब्द लिहिला, बौद्धवाडा. नावाच्या जागी आकडा. मी तिसरी होते. माझ्यामागे माझी मोठी जाऊ, पंचफुलाबाई. ती चौथी. तिच्याही कागदावर त्याच खुणा, त्याच जागी.

आमच्या आधी सरपंचाची बायको बसली होती. तिला खुर्ची. तिला ताई. तिचा फोन नंबर त्यानं दोनदा विचारून घेतला, चुकायला नको म्हणून.

घरी येताना जाऊबाई म्हणाली, "तोंड काऊन पाडलं वो? सही घेतली काय न आंगठा घेतला काय, रक्त तं लालच निंघालं न तुयं?"

"बाई, त्यानं गोळ्याचं 'नाही' लिहिलं."

"लिहू दे. त्याच्या बापाची गोळी हाये काय?"

मी हसले. तेव्हा हसू आलं.

गोळ्यांचं सांगायला पाहिजे. आमचं गाव पूर्णेकडच्या अंगाला, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात. वस्तीतल्या हापशाचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही त्यात. तरी तेच पितो. गोड्या पाण्याचा नळ वस्तीपर्यंत येता येता संपतो. कापूस वेचायला गेलं की बाया दिवसभर पाणी पीतच नाहीत. शेतात आडोसा नसतो, बांधावर गडीमाणसं असतात. सकाळी एक तांब्या प्यायचा आणि संध्याकाळपर्यंत दम धरायचा. सगळ्याच करतात. लग्न होऊन आले तेव्हा मलाही जाऊबाईनंच शिकवलं.

आम्ही वेचतो ते शेत सरपंचाचं. त्याच्या बायकोला आम्ही मालकीण म्हणतो. दुपारी ती चहाची किटली घेऊन येते. चहाबरोबर प्रत्येकीच्या हातावर एक दुखण्याची गोळी ठेवते. तिच्या सासूच्या वेळेपासूनची रीत आहे ही. दुपारनंतर कंबर मोडते, हात चालत नाही. गोळी घेतली की अर्ध्या तासात कंबर बधिर होते आणि बाई पुन्हा वाकते. आम्ही त्याला माया समजत होतो. "लय जीव लावते बापा मालकीण," असं बाया म्हणायच्या. जाऊबाईला एका गोळीनं भागत नसे. ती दुसरी मागून घ्यायची. घरी आल्यावर दुकानातून तिसरी.

संक्रांतीच्या सुमाराला जाऊबाईच्या पायावर सूज आली. सकाळी उठली की डोळ्यांच्या फटी राहायच्या नुसत्या. लघवीला फेस. जेवणाचा वास आला की ओकारी. गावातल्या डॉक्टरनं सुई टोचली आणि अंगदुखीच्या गोळ्या लिहून दिल्या. म्हणजे पुन्हा त्याच.

मी आशाताईला विचारलं, "ताई, शाळेत रक्त घेतलं होतं, त्याचा रिपोर्ट?"

"ते संशोधनासाठी असते वो. आपल्याले थोडी देतात."

मी मान डोलावली आणि घरी आले. मला एवढंच यायचं तेव्हा, मान डोलावणं.

त्याच आठवड्यात मालकीणबाईकडे तूर पाखडायला गेले होते. ती ओट्यावर बसून फोनवर बहिणीशी बोलत होती. मी खाली अंगणात होते. माणूस सूप घेऊन बसलेलं असलं की त्याला कान नसतात असं मोठ्या घरातल्यांना वाटतं. ती म्हणत होती, "अगं, मले तं आठ दिवसांतच डॉक्टरीणबाईचा फोन आला. रक्तातला किडनीचा आकडा थोडा वाढेल हाये म्हणे. मीठ कमी करा, बीपी पाहत राहा, न दुखण्याच्या गोळ्या एकदम बंद. किडनी खराब करतात म्हणे त्या. म्या तं डबाच फेकला."

माझ्या हातातलं सूप थांबलं.

मग आठवलं. डबा फेकला नव्हता. डबा आमच्यासाठी ठेवला होता. कालच दुपारी तिनं आम्हाला गोळ्या वाटल्या होत्या. दिवाळीपासून रोज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी शेतात तिनं माझ्या हातावर गोळी ठेवली. मी ती किटलीच्या झाकणावर ठेवली.

"मालकीणबाई, तुम्हाले डॉक्टरनं सांगतलं न, हे खायचं नाही?"

तिनं किटली खाली ठेवली. मग हसली. "अवं, आमचं शरीर बसून खाणाऱ्याचं. तुमचे हाडं कष्टाचे. तुम्हाले काय होते?"

त्या क्षणी जाऊबाई शेताच्या धुऱ्यावर, बांधाला बसलेली होती. उभं राहवत नव्हतं तिला, पण घरी बसली असती तर तिच्या वाट्याच्या ओळी दुसरीला गेल्या असत्या. चपलेचा पट्टा सुजलेल्या पायात रुतला होता. मालकीण तिच्याकडे बघत होती आणि म्हणत होती, तुम्हाले काय होते.

मी काम सोडलं नाही. संध्याकाळपर्यंत वेचलं, गोळी न घेता. कंबर तुटत होती. पण डोक्यात पहिल्यांदा काहीतरी जागेवर आलं होतं. तिला माहीत होतं. मला माहीत नव्हतं, कारण मला कोणी फोन केला नव्हता. फोन केला नव्हता, कारण कोणी नंबर विचारला नव्हता. नंबर विचारला नव्हता, कारण मी कोणत्या वस्तीतून आले ते आधी विचारलं होतं.

होळीनंतर सर्व्हेची गाडी पुन्हा आली. फेरतपासणी. तोच साहेब, तेच टेबल. या वेळी एक डॉक्टरीणही होती, वयानं लहान, माझ्या भाचीएवढी. आम्ही वस्तीतल्या अकरा बाया गेलो. जाऊबाईला दोघींनी धरून नेलं.

माझा नंबर आला. मी खाली बघत म्हणाले, "मागचा रिपोर्ट द्या. मग रक्त घ्या."

साहेब म्हणाला, "मागचं मागं. वेळ घालवू नको."

मी कागद ओढला आणि वाचायला लागले. मोठ्यानं. अडखळत. 'मला... सर्व माहिती... माझ्या भाषेत...' जोडाक्षरं आली की थांबत होते. बाकावरचे हसत होते. मला घाम फुटला होता. पण थांबले नाही. पुढे एक ओळ होती. 'तपासणीत दोष आढळल्यास सहभागी व्यक्तीस त्वरित कळविण्यात येईल.' ती मी दोनदा वाचली. मागून आमच्यातली एक जण म्हणाली, "पुन्हा वाच वो." मी पुन्हा वाचली.

हसणं थांबलं होतं.

डॉक्टरीणबाईनं मला खुर्ची दिली. मी बसले नाही. तिनं लॅपटॉप उघडला. "नाव काय?"

"नाव नाही लिहिलेलं. मी तिसरी. ही चौथी."

तिनं शोधलं. बौद्धवाडा, स्त्री, चार. तिनं आकडे पुन्हा वरून खालपर्यंत पाहिले. मग जाऊबाईच्या पायाकडे बघितलं, बोटानं दाबलं. खड्डा पडला तो भरून आला नाही.

"हे तर तेव्हाच खूप वाढलेलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "यांना लगेच बोलवायला हवं होतं."

"काऊन नाही बोलावलं?"

"पत्ता नव्हता. फोन नव्हता."

"वस्ती तं लिहिली होती. तीस घरं हायेत, मॅडम. पारावरून हाक मारली असती तरी ऐकू आली असती."

मग ती दुसरं बोलायला लागली. हा आजार या पट्ट्यात का वाढतोय तेच शोधतोय, म्हणाली. पाण्यानं होतो, उन्हात तहान मारून राबल्यानं होतो, की आणखी कशानं, अजून नक्की कळलेलं नाही. गोळ्यांचाही संशय होता. "पण तुमच्या वस्तीत तर गोळ्या कोणीच घेत नाही, असं आमच्या माहितीत आलंय."

मग जाऊबाई हसली. सुजलेल्या तोंडानं, दम लागत लागत.

"कोणीच नाही खात? बापा! मंग मी काय फुटाणे खात होती काय वीस वर्षं?"

साहेबाचं तोंड उतरलं. तो माझ्यावरच आला. "वाचता येत होतं तर तेव्हाच सांगायचं होतं ना!"

त्याचं हे बोलणं मला अजून टोचतं. कारण त्यात थोडं खरं आहे. खूण मी पाहिली होती. सांगितली असती तर कदाचित एक बाई वेळेवर दवाखान्यात गेली असती. डॉक्टरीणबाई म्हणाली, सुरुवातीला कळलं तर हा आजार रोखून धरता येतो. गोळ्या बंद, रक्तदाब ताब्यात, वेळच्या वेळी तपासणी. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी एक फोन पाहिजे होता.

पण थोडंच खरं आहे. बाकीची सगळी चूक त्याची आहे. माझी लाज माझ्या अंगात आईच्या पोटातून आली नव्हती. टेबलापासून लांब उभं राहा, असं सांगत सांगत ती माझ्यात घातली गेली आहे.

माझ्याही रक्तातला आकडा थोडा वाढलेला निघाला. त्या दिवशी कळलं.

जाऊबाईला मोठ्या दवाखान्यात नेलं. आठवड्यातून दोनदा रक्त साफ करायच्या मशीनवर. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं, येताना खिडकीला डोकं टेकून ओकत. चार महिने. शेवटच्या दिवसांत तिला पाणी मोजून मिळायचं. आयुष्यभर शेतात तहान मारली, आणि आता घरात, माठ समोर असताना. "एक घोट दे वो," म्हणायची. मी नाही दिलं. डॉक्टरनं मना केलं होतं. हे लिहिताना हात थांबतो. पण लिहायचंच आहे.

पोळ्याच्या आधी ती गेली. चाळिशीसुद्धा ओलांडली नव्हती तिनं.

मालकीण दारावर येऊन रडली. खरंच रडली. मी तिला पाणी दिलं आणि सांगितलं, "यंदा वेचणीले गोळी आणू नका. चहाच्या टायमाले पिण्याचं गोडं पाणी आणा. न बायांसाठी बांधावर चार बांबू रोवून आडोशाले कापड बांधा. नाही बांधलं तं आम्ही येत नाही." माझा आवाज कापत होता. कापू दिला. वस्तीतल्या बाकीच्या नऊही जणी माझ्यामागे उभ्या होत्या. ती पदरानं डोळे पुसत गेली. पण कापूस फुटला तेव्हा कापड बांधलेलं होतं.

मी फार बोलणारी बाई झालेले नाही. चार माणसांत अजून पदर सावरत राहते. पण आता गाडी आली की मी आधी जाते आणि कागद शेवटपर्यंत वाचते, कितीही वेळ लागो. साहेब घड्याळ बघतो. बघू दे.

रक्त मी देईन. लागेल तेवढं. आमच्या वस्तीत बाया चाळिशीच्या आत का सुजून मरतात ते शोधायलाच पाहिजे, आणि ते आमच्या रक्ताशिवाय कोणाला सापडणार नाही. पण आधी नाव लिहायचं, पूर्ण, बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावासकट, आकडा नाही. प्रश्न विचारायचा आणि माझं उत्तर ऐकून घ्यायचं, मग खूण करायची. आणि जे निघेल ते माझ्या दारात येऊन मला सांगायचं.

हे जमत नसेल तर सुई गाडीतून खाली काढू नका.