मन्नूबियाने न लावलेल्या पिना

ट्युनिशियातल्या आमच्या महदिया गावात नवरीचे केस बांधायचे तर मन्नूबियानेच. माझ्या भावाची बायको ती, माझी वहिनी. ओठांत काळ्या पिना धरून सगळ्या गल्लीच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची, तिकडे हात चालूच! पिनेची नागमोडी बाजू खाली, एकीवर दुसरी फुलीसारखी. वर जड सोनेरी मुकुट चढवा, नवरीला हवी तेवढी नाचवा, केस जागचा हलायचा नाही.

पण बाई नियमाची पक्की. नवरीच्या केसांना हात लावणारीचा नवरा हयात हवा. विधवेने तर खोलीतसुद्धा पाऊल टाकायचं नाही. मी ऐन पंचविशीत नवरा गमावलेली. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या लग्नात हिने मला दारातच अडवलं. "वन्सं, राग मानू नका, पण तुम्ही तिकडे स्वयंपाकाचं बघा." राग मानू नका म्हणे! मी कुसकुसाचा रस्सा ढवळत तिला मनातल्या मनात लाखोली वाहिली.

मग माझा भाऊ हेदी गेला. चहा पिता पिता छातीत कळ आली आणि संपलं. कुणी काही म्हणायच्या आधीच मन्नूबियाने नवरीचे केस बांधायचं काम बंद केलं. शाळकरी पोरींच्या वेण्या घालून दिवस काढू लागली. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं आता बरं वाटेल. कसलं बरं वाटतंय! जीव तुटायचा तिच्याकडे बघून.

तिची एकुलती एक लेक उल्फा. तिचं लग्न ठरलं मुइझशी. ऑलिव्हचा ट्रक चालवायचा, गुणी पोरगा. केस बांधायला सूस शहरातून एक बाई आणली होती, पण उल्फा तिला हात लावू देईना.

"आईच बांधेल. नाहीतर मी अशीच बसते, झिंज्या सोडून."

मुइझची आईसुद्धा म्हणाली, "विहीणबाई, आमची काही हरकत नाही हो. बांधा तुम्हीच."

मी म्हटलं, "वहिनी, सगळे सांगताहेत. आता तरी हेका सोड."

मन्नूबियाने दोन्ही हात अंगावरच्या पांढऱ्या चादरीत लपवले आणि उल्फाला म्हणाली, "नको गं बाळा. मलाही का वाटत नाही? पण उद्या त्याला काही झालं तर कुठे तोंड लपवू मी?"

आणि ती बाहेर निघून गेली. उल्फा रडत बसली, सूसच्या बाईने केस बांधले. वरात निघेपर्यंत एक बट सुटून कानावर आली. मन्नूबिया गर्दीत मागे उभी होती. तिची बोटं नुसती वळवळत होती, पण ती पुढे गेली नाही.

त्याच वर्षी ऑलिव्हच्या हंगामात मुइझचा ट्रक उलटला. पोरगा जागीच गेला.

उल्फाला आम्ही घरी आणलं. जेवेना, बोलेना, केस सगळे तोंडावर. शेवटी मन्नूबियाने तिला पुढ्यात बसवलं, पाण्याचा हात लावून गुंता सोडवला आणि केस मागे घेतले. मी शेजारी बसून एकेक पिन हातात देत होते. आता आम्हाला कोण अडवणार होतं?

मधेच तिचा हात थांबला.

"वन्सं," ती म्हणाली, "मी तर लग्नात हात लावला नव्हता ना हो?"

"नव्हता गं," मी म्हटलं.

उल्फा इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. मान न वळवता म्हणाली, "लावायचा होतास, आई."