रडण्याला मार्क देणाऱ्या मिसबाई

नगरच्या तोफखाना भागातल्या गंगूबाईंच्या पाळणाघराला मी 'अव्वल' ठरवलं, कारण तिथली सगळी मुलं अफू चाटून झोपली होती. झोपली होती एवढंच मला दिसलं. अफूचं मिसबाईंनी सांगितलं.

लढाईचे दिवस होते. नगरात विड्यांचे कारखाने जोरात चालले होते, बायका दिवसभर पानं कातरायला नि विड्या वळायला जात आणि तान्ही पोरं मिळेल त्या म्हातारीच्या पदरात टाकत. तेव्हा म्युनिसिपालटीनं ठरवलं की पाळणाघराला परवाना हवा, आणि दाराला दर्जाची पत्र्याची पाटी. तपासणीला मिसबाई आणि त्यांच्या हाताखाली मी. मिसबाई राहुरीकडच्या, ख्रिस्ती, नर्सिंग शिकलेल्या. खरं नाव पगारपत्रकात असेल, गावाला त्या मिसबाईच. मी पाळण्यांमधलं अंतर मोजायचो, खिडकीची रुंदी मोजायचो. त्यावरून त्या मला 'फूटपट्टी' म्हणायच्या. पहिले काही महिने मी ते कौतुक समजत होतो.

मिसबाई पुढच्या दारानं कधी शिरत नसत. "पुढचं दार आपल्यासाठी सारवलेलं असतं," म्हणायच्या. मागून जायचं, जमिनीवर बसकण मारायची, हाताशी येईल ते मूल उचलून त्याची टाळू हुंगायची आणि कान देऊन बसायचं. कुठं ट्यँहा ऐकू आलं की चेहरा असा खुलायचा, जणू सनई लागली! "रडणारं मूल म्हणजे जिवंत मूल, फूटपट्टी. ते का रडतंय आणि त्याच्यासाठी कोण उठतंय, एवढं बघा. खिडक्या नंतर." मला हे पटत नसे. माझं स्वतःचं पोर रडायला लागलं की मी चपला अडकवून थेट भजनाला जात असे.

एकदा बाईंना ताप भरला आणि गंगूबाईंकडे मी एकटा गेलो. अर्थात पुढच्या दारानं. काय सांगू! लख्ख सारवलेली जमीन, ओळीनं टांगलेल्या झोळ्या, माठावर झाकण, आणि अशी शांतता की मीच हळू बोलू लागलो.

"कसं जमवता हो गंगूबाई?"

"सवय लागती पोरास्नी, सायेब," म्हातारी म्हणाली.

मी खूश. बरोबर नेलेल्या पाट्यांतली 'अव्वल'ची काढली आणि आपल्या हातानं चौकटीवर ठोकली. हातोड्याचे दणके गल्लीभर घुमले, समोरचा कासार बाहेर येऊन बघून गेला, पण आत एक पोर हललं नाही. मला त्यात फक्त शिस्त दिसली.

छाती पुढं काढून मी बाईंच्या घरी हजर झालो. त्या घोंगडी पांघरून पडल्या होत्या.

"हातोड्यानंही कुणी उठलं नाही?" त्यांनी विचारलं.

"एकसुद्धा नाही, बाई!"

घोंगडी एकीकडे आणि बाई दुसरीकडे. "टांगा बघा," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी मात्र बाई पुढच्या दारानं घुसल्या. एकेका पोराची पापणी वर करून बघत, तळपायाला चिमटा काढत पुढं सरकल्या. पोरं कुरकुरली, वळवळली. विड्या वळणाऱ्या हमीदाची मुलगी मात्र हलेना. ओठ निळसर, श्वास मोजता येतील इतके मंद. बाईंनी तिला माझ्या हातात कोंबलं. "दवाखान्यापर्यंत हिच्या तळपायाला टिचक्या मारायच्या. थांबलात तर बघा!"

टांगा दिल्ली दरवाजातून उधळला. मी टिचक्या मारतोय, बाई ओला टॉवेल तिच्या तोंडावरून फिरवतायत, आणि पोरगी आपली कापसाच्या बाहुलीसारखी. शेवटी दवाखान्याच्या फाटकाशी तिनं तोंड वाकडं केलं आणि एक बारीकसा सूर काढला. माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "उगी, उगी."

"उगी काय म्हणतोस, मेल्या!" बाई कडाडल्या. "रडू दे तिला!"

मग ती रडली. हमीदा कारखान्यातून धावत आली, तोवर सगळा दवाखाना दणाणून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी तावातावानं म्हणालो, परवाना रद्द करा. गंगूबाई कोपऱ्यात बसून डोळे पुसत होती. "माज्या सासूनं शिकीवलं, तिला तिच्या सासूनं. येकट्या बाईनं इतकी पोरं कशी वागवावी, तुमीच सांगा."

"पाळणाघर बंद केलं तर बायका काय घरी बसतील?" मिसबाई मला म्हणाल्या. "घरीच अफूची गोळी देतील, बाहेरून कडी घालतील. मग कुठं ठोकाल पाटी?" त्यांनी परवाना ठेवला, 'अव्वल' मात्र माझ्याच हातानं उपटायला लावली. हाताखाली दुसरी बाई ठेवायची आणि दुपारी पोरांच्या आयांनी येऊन पाजायचं, या दोन अटी घातल्या.

दुपारच्या सुट्टीला कारखान्याचे मालक तयार होईनात. तेव्हा बाई एक भुकेलं पोर मांडीवर घेऊन त्यांच्या गादीवर जाऊन बसल्या. पोरानं टाहो फोडला. गिऱ्हाईकं उठून जाऊ लागली.

"हे घेऊन जा हो बाई!"

"त्याच्या आईला सोडा, लगेच जाते."

तेवढ्यावर सुट्टी मंजूर झाली.

पुढं राजूरच्या डोंगरात दवाखाना निघाला आणि मिसबाईंना तिकडं बोलावणं आलं. निघायच्या दिवशी त्या गंगूबाईंकडे गेल्या, मागच्या दारानं. आत नुसता कल्लोळ. एक पोर भुकेनं रडतंय, दुसरं त्याला साथ म्हणून, दोन्ही बाया इकडून तिकडं पळतायत आणि हमीदाची मुलगी सगळ्यांत वरच्या पट्टीत. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "फूटपट्टी, आणा ती पाटी."

मी चौकटीवर 'अव्वल' ठोकू लागलो. दोन घाव बसले, तिसऱ्याला खिळाच दिसेना. पाटीवर कपाळ टेकून मी हुंदका दिला.

गंगूबाई काखेतलं पोर सावरत बाहेर आली, मला खालून वर न्याहाळलं आणि आत तोंड करून ओरडली, "ओ बाई, ह्यो फूटपट्टीबी रडाया लागला बगा. म्हंजी जित्ता हाय म्हनायचा!"