कोर्टाच्या खिडकीतून आलेली तार

एव्हारिस्तो लेदेस्माशिवाय आमच्या गावात लग्न लागत नाही. कर्णे त्याचे, दिवे त्याचे, नवरानवरीचे लहानपणचे फोटो दाखवणारा मोठा पडदाही त्याचाच. पण त्याच्या आईला, जिला सगळे मानाने दोन्या क्लोरिंदा म्हणत, या धंद्याचं कधी कौतुक वाटलं नाही. हत्यारांची पेटी मुळात थोरल्या मुलाची, अबेलची. लष्कराच्या राज्यात अबेलला पोलिसांनी घरातून उचलून नेलं आणि तो परत आलाच नाही. पेटी धाकट्याकडे आली.

"अबेलनं नुसता हात लावला की मेलेला रेडिओ बोलायला लागायचा," असं म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. एव्हारिस्तो तिथेच बसून ऐकायचा. एवढ्या वर्षांत त्याला सवय झाली असेल, असं लोक म्हणत. अशा गोष्टींची सवय होत नसते.

अखेर त्या वेळच्या पोलीस कमिशनरवर खटला उभा राहिला. कोर्टाची खोली लहान, म्हणून रस्त्यापलीकडच्या रेल्वे युनियनच्या हॉलमध्ये सुनावणी थेट दाखवायला पडदा लावायचं ठरलं, आणि काम अर्थातच एव्हारिस्तोकडे आलं. क्लोरिंदा कोर्टात पाऊल टाकायला तयार नव्हती.

"त्यानं सोडलेला श्वास मला नको," ती म्हणाली. "पण शिक्षा ऐकताना त्याचं तोंड कसं होतं, ते मला बघायचंय. तेवढं बघितलं की मी मरायला मोकळी."

पहिल्याच सुनावणीला घोळ झाला. एव्हारिस्तोने नेहमीच्या तांब्याच्या केबली एकीला एक जोडून, मध्ये बूस्टर घालून रस्त्यावरून ओढल्या होत्या. मांडवात हे खपून जातं. इथे अंतर फार होतं. चित्र यायचं, जायचं. कमिशनरने मान वर केली आणि नेमका तेव्हाच पडदा काळाठिक्कर पडला. हॉलमध्ये एकच ओरडा झाला. क्लोरिंदा ओरडली नाही. चाकाच्या खुर्चीत बसून ती एवढंच म्हणाली, "अबेल असता तर..."

पुढचं ती बोललीच नाही. ते बोलली असती तर एव्हारिस्तोला कमी लागलं असतं.

निकालाच्या आठवड्यात तो शहरात यामिलच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेला. दोघांची जुनी दोस्ती. यामिल माते, तो कडू पाल्याचा काढा, नळीने पीत होता. नळी पुसून त्याने भांडं एव्हारिस्तोच्या हातात दिलं.

"बिनतारी यंत्र घेऊन जा की. ओढाताणच नको."

"हॉलभर माणसं, माणसागणिक फोन. त्या फोनांच्या गर्दीत यंत्रानं ऐन वेळी दगा दिला तर जजला काय सांगू? साहेब, शिक्षा परत वाचा?"

"मग ही बघ." यामिलने एक बारीक केबल काढली. "आत काच आहे, चित्र उजेडातून जातं. तुझ्या रस्त्यासारखे दोन रस्ते ओलांडेल. पण मुडपायची नाही, हिसका द्यायचा नाही. आणि तोंडं बघून लाव. हे कॅमेऱ्याकडचं, हे पडद्याकडचं. उलटी लावलीस तर मुकी."

"अरे, जन्म गेला माझा केबली ओढण्यात."

"म्हणून तर बजावतोय, गाढवा."

निकालाच्या सकाळी एव्हारिस्तोने केबल अगदी तान्ह्या बाळासारखी हाताळली. हॉलमधून निघून, रस्त्याकडेच्या लापाचोच्या झाडांच्या फांद्यांवर अलगद टेकवत, कोर्टाच्या खिडकीतून आत घेतली. जोडली. पडदा काळा. दुसरा कॅमेरा लावून पाहिला, तरी काळाच. काच तुटली, असंच त्याला वाटलं. मग खिडकीशी त्याने हातातलं टोक उलटून पाहिलं. त्यावर पडद्याचं चित्र कोरलेलं होतं. लग्नात तो नेहमी पडद्यापासून सुरुवात करायचा. हातात येईल ते टोक तिथे ठेवायचा आणि केबल सोडत मागे यायचा. हातांनी आजही तेच केलं होतं.

"उलटी टाकली!" तो खिडकीतून ओरडला. "मी उलटी टाकली!"

खाली बायका जमल्या होत्या, डोक्याला पांढरे रुमाल, छातीवर आपल्या बेपत्ता मुलांचे फोटो. त्यांतली दोन्या एर्मिनिया म्हणाली, "मग सुलटी कर. रडतोस काय?"

"ओढून काढली तर आतली काच जाईल. सगळी हातांवर घेऊन फिरवायला हवी."

"मग हे काय, पाय आहेत?" तिने आपले दोन्ही हात वर केले.

फांद्यांवरून केबल उतरवून बायकांनी तळहातांवर झेलली. वाहनं थांबली. वर्षानुवर्षं दर गुरुवारी या बायका चौकात आपल्या मुलांसाठी गोल फिरल्या होत्या. कुणाला धक्का न लावता, मधली जागा न मोडता कसं वळायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही. कोर्टाकडचं टोक हॉलकडे निघालं, हॉलकडचं कोर्टाकडे.

"एव्हारिस्तो, लग्नातसुद्धा इतकं नाचवलं नव्हतंस रे!" कुणीतरी म्हणालं. दोघीतिघी हसल्या.

पडदा उजळला. एव्हारिस्तो आईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. खुर्चीची मूठ त्याने घट्ट धरली होती.

जजने वाचलं. जन्मठेप. कमिशनरचा चेहरा पडदाभर दिसत होता, गालावरचे डागसुद्धा. त्याने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला. बस्स. चित्र एकदाही हललं नाही. हॉलमध्ये लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते.

"एवढंच?" क्लोरिंदा म्हणाली.

एव्हारिस्तोला वाटलं, आता अबेलचं नाव निघणार.

"माझी खुर्ची फिरव."

"आई, अजून चालू आहे."

"त्यांना बघू दे. माझं बघून झालं."

त्याने खुर्ची फिरवली आणि तिच्यासमोर वाकला. तिने दोन्ही हात त्याच्या तोंडावर ठेवले, भुवया चाचपल्या, कानामागचे केस चाचपले. पडद्याकडे तिची पाठ होती.

"केस कधी पांढरे झाले रे तुझे?" तिने विचारलं.