एकाच रेघेची कार्डं

भिंगारहून नगरला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो, त्याला चार वर्षं झाली. तिथला टेक्निशियन सुप्याकडचा. सुई टोचण्याआधी तो माझ्या हातावर दोन बोटांनी टकटक करायचा, दार वाजवल्यासारखी, आणि विचारायचा, "काका, येऊ का आत?"

कोपऱ्यातलं लाल पट्टीचं मशीन 'बी' काविळीच्या पेशंटसाठी वेगळं ठेवलेलं. तेही तोच बिनधास्त सांभाळायचा. म्हणायचा, "लशीचे तिन्ही डोस घेतल्यात. आपल्यात शिरायची त्याची टाप न्हाई."

यंदा त्याचेच डोळे पिवळे झाले. तपासणीच्या कार्डावर एकच रेघ उमटली, म्हणजे कावीळ 'बी' नाही. पुण्याहून मोठा रिपोर्ट आला तेव्हा कळलं, 'बी'चाच विषाणू रक्तात आहे. त्यानं वरचं रूप एवढं बदललंय की त्याला लसही ओळखत नाही आणि कार्डही.

महिन्याभरानं तो कामावर आला. सुई आता सिस्टर टोचतात. तो हात पाठीमागे बांधून नुसता उभा राहतो.

परवा माझी 'बी' काविळीची नेहमीची तपासणी झाली. त्यानं नावांवर अंगठे ठेवून दोन कार्डं माझ्यासमोर धरली. दोन्हींवर एकेकच रेघ.

"एक माझं, एक तुमचं. सांगा काका, तुमचं कोन्तं?"

मी एकदा या कार्डाकडं, एकदा त्या कार्डाकडं पाहिलं. कार्डं खिशात टाकून त्यानं सवयीनं माझ्या हातावर दोनदा टकटक केली. या वेळी विचारलं मात्र काहीच नाही.